सितोराई मोही खोसा: एका पीओपीवाल्याने पाहिलेला अमीराचा महाल

कुणाच्याही घरात शिरलो की मी आधी वर पाहतो. यजमान ‘या, बसा’ म्हणून राहिले असतात आणि माझी मान छताकडे. गौरवची आई कोपर मारते तेव्हा खाली येतो. १९९८पासून नागपुरात पीओपीचं, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचं काम करतो. बेसा, मानेवाडा, मनीषनगर या भागातल्या किती हॉलांची छतं माझ्या हातून गेली त्याचा हिशेब मीही ठेवलेला नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, हे मत एका पीओपीवाल्याचं आहे. उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याच्या मिनारांबद्दल आणि मदरशांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय गावाबाहेरच्या उन्हाळी महालाबद्दल, ज्याला टूरवाले ‘वेळ उरला तर’ या खात्यात टाकतात.

आमच्याही टूरवाल्याने तेच केलं. छापील कार्यक्रमात लिहिलं होतं ‘समर पॅलेस भेट’, आणि प्रत्यक्षात बसमधून उतरताना हुकूम आला, चाळीस मिनिटांत परत. त्यातली दहा मिनिटं आमच्या मंडळींनी दारातल्या मोरांचे फोटो काढण्यात घालवली. मोर पाहायला बुखाऱ्याला? आमच्या नागपूरच्या गोरेवाड्याला काय कमी आहेत? असो. मी पांढऱ्या दालनात शिरलो आणि बसचा हॉर्न वाजेपर्यंत तिथेच उभा होतो. संग्रहालयाचा बाकीचा भाग राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी सगळे बाजारात गेले, आम्ही दोघं टॅक्सी करून पुन्हा इकडे आलो. पुन्हा तिकीट काढलं. गौरवची आई म्हणाली, “घरी रोज तेच पाहता, इथं आल्यावरही तेच?” मी म्हटलं, “तेच नाही. चल तर.”

महालाचं नाव सितोराई मोही खोसा. सितोरा म्हणजे आपला सितारा, मोह म्हणजे माह, चंद्र. तारा आणि चंद्र यांची सांगड घालणारं नाव. अमीराची, म्हणजे बुखाऱ्याच्या राजाची, सितोरा नावाची राणी होती, तिच्यावरून ते पडलं अशी गोष्ट आमचा गाइड सांगत होता. हिंदी चांगली बोलायचा पोरगा. जागा कशी निवडली याचीही त्याच्याकडे गोष्ट होती: चार दिशांना मेंढ्यांचं मांस टांगून ठेवलं, जिथलं सगळ्यात उशिरा खराब झालं ती जागा थंड, तिथे महाल. खरं-खोटं अल्ला जाणे. आपल्याकडे मे महिन्यात हा प्रयोग केला असता तर दुपारपर्यंत चारही टांगण्या सावजीवाल्याला द्याव्या लागल्या असत्या आणि राजाला पचमढीला जावं लागलं असतं.

इथे पहिला महाल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमीर अहद खानाने बांधला. आता जो दिसतो तो त्याचा मुलगा अलीम खान याच्या काळातला, साधारण १९१२ ते १९१८चा. अलीम खान लहानपणी सेंट पीटर्सबर्गला शिकून आला होता. आपल्याकडे अमेरिकेहून परत आलेला मुलगा जसा ‘तिथल्यासारखं किचन पाहिजे’ म्हणतो, तसं याने रशियन इंजिनियर लावले. त्यामुळे महाल बाहेरून युरोपातल्या बंगल्यासारखा आहे. खांब, मोठ्या खिडक्या, सरळ रेषा. प्रवेशाची कमान मात्र अस्सल बुखाऱ्याची, रंगीत टाइलांची. आणि आत शिरलात की स्थानिक उस्तादांनी रशियन डब्यात आपला मसाला भरून ठेवलेला दिसतो. पायऱ्यांशी संगमरवरी सिंह आहेत. घडवणाऱ्याने सिंह पाहिला नसावा असं माझं प्रामाणिक मत आहे. चेहरा एखाद्या सुखवस्तू बोक्याचा आहे. मला तो फार आवडला.

आता पांढरं दालन.

उस्तो शिरीन मुरादोव नावाच्या कारागिराच्या हाताखाली हे काम झालं. उस्तो म्हणजे उस्ताद. कामाला तिकडे ‘गंच’ म्हणतात: भाजलेला जिप्सम आणि माती यांचं मिश्रण. म्हणजे मूळ माल आमचाच. आमच्या गोण्या बिकानेरकडून येतात, त्यांचा तिकडच्या जमिनीतून. आणि शब्दही परका नाही. फारसीतला ‘गच’, आपल्याकडे चुनेगच्ची म्हणतात त्यातला, गच्चीवरच्या गच्चीतला. मी आयुष्यभर ‘गच्चीवर पाणी मारलं का’ असं पोरांना विचारत आलो, पण ती गच्ची कुठून आली याचा विचार केला नव्हता. बुखाऱ्याला उभा राहून केला.

दालनात भिंतींवर आरसे लावलेत आणि त्या आरशांवर पांढऱ्या गंचची जाळी आहे. वेली, फुलं, पानं, भौमितिक तारे. छतापर्यंत सगळं पांढरं. रंग म्हणून नाही. फोटोत हे काम लग्नाच्या स्टेजसारखं दिसतं, हे मान्य करतो. थर्माकोलची महिरप वाटावी इतपत. म्हणून फोटो पाहून कुणी नाक मुरडलं तर मी भांडणार नाही. पण हातभर अंतरावर जाऊन, गुडघे वाकवून, तिरक्या नजरेने पाहा. हात लावायचा नाही, तिथली बाई लगेच आवाज देते, आणि बरोबर देते.

मी काय पाहिलं ते सांगतो. आम्ही पट्टी रबराच्या साच्यात ओततो, काथ्या घालतो, पंधरा मिनिटांत काढतो. दहा फुटांवरचं फूल आणि पन्नास फुटांवरचं फूल एकाच साच्यातून आलेली जुळी भावंडं. इथे प्रत्येक पान सुरीने कापलेलं आहे. कापाची कड सरळ नाही, आत तिरपी नेलेली आहे, म्हणून खिडकीतला उजेड कडेवर वेगवेगळा थांबतो आणि पांढऱ्यातच चार पांढरे दिसतात. पण खरी गंमत आरशाची. जाळीची जाडी असेल इंचभर. मागे आरसा असल्यामुळे त्या कडेचं प्रतिबिंब आत दिसतं आणि इंचाचे दोन इंच होतात. फुकटात दुप्पट खोली. डोळा अगदी जवळ नेला की कोरीवकाम आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात दोऱ्याएवढी फट दिसते. ती काचेच्या जाडीमुळे, कारण पारा मागच्या बाजूला. म्हणजे जाळी आरशात तरंगून राहिली आहे असं वाटतं. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांत ग्राहकाला ‘डेप्थ येईल साहेब’ असं हजार वेळा म्हटलं असेल. डेप्थ याला म्हणतात.

आणि मग कारागीर म्हणून पोटात गोळा येतो, की हे केलं कसं? पीओपी काही तुमची वाट पाहत नाही. पाणी पडलं की घड्याळ सुरू. एवढी बारीक नक्षी ओल्यात कापायची तर माल हळू धरायला हवा. त्यासाठी ते मिश्रणात एका झाडाच्या मुळापासून केलेला डिंक घालायचे. हे ऐकून मला माझे जुने मिस्त्री आठवले, तेही माल लवकर धरू नये म्हणून पाण्यात चिमूटभर सरस टाकायचे. गाइडने त्या डिंकाचं नाव ‘शिराच’ सांगितलं. सरस हा शब्दही फारसीकडूनच आलेला. तिथे, त्या दालनात, अडीच हजार किलोमीटरवर, आमच्या मिस्त्र्यांची बादली दिसली मला. नक्षी भिंतीवर उतरवायची पद्धतही ओळखीची: कागदावर काढायची, सुईने रेघांवर भोकं पाडायची, वरून कोळशाच्या पुडीची पोटली आपटायची. इतवारीत साड्यांवर भरतकामाचे खाके आजही असेच उतरतात.

या उस्ताद मुरादोवांचं पुढे काय झालं, तेही सांगण्यासारखं आहे. अमीर गेला, सोव्हिएत आले, पण कारागिराला काम लागलंच. ताश्कंदच्या नवोई नाट्यगृहात वेगवेगळ्या प्रांतांच्या धाटणीची दालनं आहेत, त्यातलं बुखाऱ्याचं दालन त्यांनी केलं आणि १९४८ साली त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं. अमीराचंही काम, स्टालिनचंही बक्षीस. राजे बदलतात, छत सगळ्यांना पाहिजे असतं. आम्ही टूरच्या शेवटच्या दिवशी ते नाट्यगृह बाहेरून पाहिलं. आत प्रयोगाशिवाय जाता आलं नाही.

पांढऱ्या दालनाला माझ्याकडून पाचपैकी पाच. बाकीचा महाल म्हणजे मात्र आपला अजब बंगला.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयाला, जे १८६३ साली सुरू झालं, गावात कुणी संग्रहालय म्हणत नाही. अजब बंगला. एका खोलीत दगडी मूर्ती, दुसरीत भुसा भरलेला वाघ, तिसरीत शस्त्रं. लहानपणी तिथून बाहेर पडताना डोक्यात जी खिचडी व्हायची, तीच इथे झाली, आणि मला ती आवडते. एका दालनात चिनी आणि जपानी फुलदाण्या, माणसाच्या उंचीच्या, रांगेत अशा उभ्या की पंगतीत पाहुणे वाढप्याची वाट पाहून राहिलेत. रशियन खुर्च्या. टाइलची उंच शेगडी. रंगीत काचांची खोली, जिथे दुपारी जमिनीवर लाल-निळे चौकोन पडतात आणि प्रत्येक पर्यटक त्यात हात धरून फोटो काढतो. आम्हीही काढला. एक आरसा असा आहे की त्यात माणूस चाळीस वेळा दिसतो, असं गाइड म्हणाला. मी एकवीसपर्यंत मोजले, मग मागून एक मोठा ग्रुप आला आणि माझ्या एकवीस टकलांमध्ये त्यांच्या टोप्या मिसळल्या.

मग गाइडने एक लाकडी कपाट दाखवलं आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, “अमीर साहब का फ्रीज!” आत बर्फ ठेवायची सोय. आजूबाजूचे सगळे हसले. मी नाही हसलो. ज्याने वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दुरुस्त करत नागपूरचे उन्हाळे काढलेत, त्याला बर्फाच्या कपाटाची टिंगल करायचा अधिकार नाही. झुंबराबद्दलही त्याचं असंच काहीतरी होतं, पोलंडहून आणलं, अर्धा टन वजन, त्याच्यासाठी विजेचं यंत्र बसवलं. वजनाची खात्री मी देत नाही. पण अर्धा टन टांगायचा तर वर काय असेल, लाकडी तुळई की लोखंड, हा प्रश्न मी विचारला आणि पोरगा पहिल्यांदाच गप्प झाला. “सर, ये कोई नहीं पूछता.”

अष्टकोनी मंडपात कपड्यांचं दालन आहे. जरीचे झगे, बूट, पट्टे. बुखाऱ्यात जरीकाम पुरुष करायचे, हे मला नवीन होतं. झगे पुतळ्यांना घातलेत, आणि पुतळ्यांचे चेहरे पाहून कपड्यावरचं लक्ष उडतं. सीताबर्डीच्या साडीच्या दुकानातल्या पुतळ्या यांच्यापेक्षा जिवंत वाटतात. अलीम खानाचा खरा चेहरा पाहायचा तर प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकाराने १९११ साली काढलेला रंगीत फोटो पाहा. तीन वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून तीन वेळा टिपून एकत्र केलेला. निळा फुलाफुलांचा झगा, कमरेला सोन्याचा पट्टा, हातात तलवारीची मूठ, आणि चेहऱ्यावर असा भाव की पुढची तारीख कुणीतरी याला सांगून ठेवली आहे.

जनानखान्यात आता सुझानीचं, म्हणजे तिकडच्या भरतकामाच्या कापडांचं प्रदर्शन आहे. सुझान म्हणजे सुई. हा भाग माझा नाही, गौरवच्या आईचा. ती एरवी संग्रहालयात खुर्ची शोधते. इथे एका मोठ्या कापडासमोर थांबली आणि म्हणाली, “अहो, हे पाहा नं, फूल जुळलंच नाही.” खरंच, कापडाच्या मधोमध एक उभी शिवण आणि तिच्या दोन्ही बाजूंची अर्धी-अर्धी फुलं बोटभर वरखाली. रंगातही फरक. तिथल्या बाईंनी गाइडमार्फत समजावलं ते असं: कापडाचे अरुंद पट्टे आधी कच्चे टाके घालून जोडतात, जाणती बाई त्यावर नक्षी काढून देते, मग पट्टे सोडवून आई, मावशी, काकू, ज्याच्या त्याच्या वाट्याला एकेक. मुलीच्या लग्नाआधी सगळे भरून पुन्हा जोडायचे. प्रत्येकीचा हात वेगळा, ताण वेगळा. म्हणून फूल जुळत नाही. आणि एखादा कोपरा मुद्दाम अर्धवट सोडायची रीत. गौरवच्या आईने तो शोधून काढलाच, एका पानाचा फक्त खाका होता, रेशीम नव्हतं.

तिला सगळ्यात आवडली ती नक्षीतली मिरची. त्यांच्याकडेही मिरचीने दृष्ट लागत नाही. “म्हणजे भिवापूरवाल्यांना इथं धंदा आहे,” ती म्हणाली. लिंबू मात्र दिसलं नाही कुठे.

जनानखान्यासमोर हौद आहे आणि जवळ लाकडी मनोरा. गाइडची ठरलेली गोष्ट: अमीर वर बसायचा, खाली बायका पाण्यात, ज्या बाईकडे सफरचंद फेकलं ती त्या रात्रीची. ग्रुपमधले पुरुष पहिल्या दिवशी यावर फार खूश होते. दुसऱ्या दिवशी ग्रुप नव्हता, आम्ही दोघंच. गौरवची आई हौदाकडे बराच वेळ पाहत राहिली. “आणि जिला सफरचंद नको असेल ती?” भाषांतर करायला दुसरं कुणी नव्हतं, गाइडलाच विचारलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, गोष्टीत तेवढंच आहे.”

१९२०च्या सप्टेंबरात लाल सेनेने बुखारा घेतलं. अलीम खान पळाला, शेवटी काबूलला पोचला आणि १९४४ साली तिथेच वारला. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे महिना-सव्वा महिन्यातच, याच महालात जमलेल्या सभेत बुखारा लोक सोव्हिएत गणराज्य जाहीर झालं. म्हणजे जेमतेम दोन-तीन उन्हाळे या बाबाने या छताखाली काढले. माझे काही ग्राहक फ्लॅटचा ताबा घेतात, इंटिरियर करतात आणि वर्षात बदली होऊन पुण्याला जातात, त्यांची आठवण झाली. १९२७पासून इथे संग्रहालय आहे, मध्ये काही भागात सोव्हिएत आरोग्यधाम होतं. अमीराच्या बागेत कामगार हवापालटाला.

हे सगळं ऐकताना मला राहून राहून आमचा महाल आठवत होता. महाल म्हणजे इमारत नाही, नागपुरातली वस्ती. नागपूरकर दिवसात दहा वेळा ‘महालात जातो’ म्हणतो आणि कुणालाच महाल दिसत नाही. भोसल्यांचा राजवाडा, काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा, १८६४ साली आगीत गेला. इंग्रजांनी राज्य खालसा करून दहा-अकरा वर्षं झाली होती. नगारखाना तेवढा उरला. त्या लाकडी खांबांवर, छतांवर कुणाचा हात होता, आज कुणी सांगू शकत नाही. बुखाऱ्याच्या राजाचं राज्य गेलं पण छत राहिलं, आणि छत करणाऱ्याचं नावही. तिथे उभं राहून मला थोडा मत्सर वाटला, लपवत नाही.

जायचं असेल तर थोडी कामाची माहिती. नागपूर-दिल्ली, दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीन तासांच्या आसपास, तिथून बुखाऱ्याला वेगवान गाडी आहे, बसण्यापुरती चांगली. व्हिसा ऑनलाइन निघतो. महाल जुन्या गावापासून चार-पाच किलोमीटर, मोबाइलवरून टॅक्सी बोलवा, परतीची तिथूनच मिळते. जून-जुलै टाळा, चाळीसच्या वरचं ऊन पाहायला नागपूरकराने पैसे खर्च करू नयेत. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, सकाळी स्वेटर, दुपारी नाही. सकाळी दार उघडताच जा, पांढऱ्या दालनात तिरका उजेड असतो आणि ग्रुप नसतात. शाकाहारी असाल तर भोपळ्याचा समसा मागा, पण आत चरबी घातली आहे का हे आधी विचारा. आम्ही विचारलं नाही. दुकानदाराने नंतर सांगितलं. त्या विषयावर घरात अजून बोलणं बंद आहे.

टूरवाल्याला चाळीस मिनिटांबद्दल मी परत आल्यावर बोललो. तो म्हणाला, “काका, तिथं पाहण्यासारखं काय आहे एवढं?”

गेल्या महिन्यात इतवारीतून बारा बाय बाराचा आरसा आणला. पाण्यात सरस घातला, अर्धा इंच थर ओतला, खाक्याने एक वेल उतरवली, आणि कामावरच्या पोरांना सुट्टी देऊन रात्री दहापर्यंत कापत बसलो. सकाळी उचलला तर सगळी वेल एका तुकड्यात आरशावरून सुटून हातात आली. काचेला धरलंच नाही. तुकडा फुटला नाही म्हणून गौरवच्या आईने तो देवघराच्या मागे टेकवून ठेवलाय. आता काच खरवडून घ्यायची की आधी पातळ सरसाचा हात द्यायचा, यावर माझ्या जुन्या मिस्त्र्यांशी रोज फोनवर वाद चालू आहे. दुसरा आरसा आणून ठेवलाय.